सगळ्यात लांबचा द्राक्षमळा

आमच्या घरात खोकल्याचं पातळ औषध येत नाही. खोकला झाला की हळद, लवंग, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर गोळी. होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्याही चालत नाहीत, कारण त्यांच्यावर कशाचे थेंब टाकलेले असतात ते आम्हाला ठाऊक आहे. करोनात सगळं जग सॅनिटायझर चोळत होतं तेव्हा आम्ही साबण झिजवत होतो. इडलीचं पीठ जास्त आंबलं तर त्या इडल्या मी एकटीने खायच्या. हे सगळं यजमानांच्या नोकरीपायी. ते परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेला रेल्वेचे ड्रायव्हर आहेत. कागदावर आता लोको पायलट म्हणतात, पण पूर्णेत माणूस ड्रायव्हरच असतो.

ड्रायव्हरला ड्युटीवर चढण्याआधी एका यंत्राच्या नळीत फुंकावं लागतं. यंत्राने शून्य दाखवलं की गाडी हाती येते. शून्याच्या पुढे काही दिसलं की माणूस बाजूला बसतो, साहेब येतात, रक्त तपासायला जातं, आणि पुढचं काय ते कागद ठरवतात. ड्युटीवरून उतरतानाही पुन्हा फुंकायचं. आमच्या क्वार्टरच्या ओळीत एक ड्रायव्हर राहायचे, अगदी देवमाणूस, सुपारीचंही व्यसन नाही. एकदा घसा बसला म्हणून कुणीतरी दिलेलं औषध घोटभर घेऊन ते ड्युटीवर गेले आणि यंत्र बोंबललं. रक्ततपासणीत ते निर्दोष ठरले, गाडीही परत मिळाली. पण तोवर बातमी साऱ्या कॉलनीत फिरून आली होती. त्यानंतर ते हळदीला, बारशाला कुठेच येईनासे झाले. यजमानांनी तेव्हापासून स्वतःला इतकं आवळून घेतलं की लग्नातला मठ्ठासुद्धा आधी हुंगतात आणि मग पितात.

त्यांची नोकरी आता थोडीच उरली आहे. आमच्याकडे रिवाज असा, की ड्रायव्हर शेवटची गाडी घेऊन येतो तेव्हा इंजिनाला झेंडूचे हार घालतात, फलाटावर हलगी वाजते आणि बायको ताट घेऊन ओवाळायला उभी असते. ज्याच्या नोकरीला डाग नाही त्याच्यासाठी गर्दी जास्त. दुसऱ्या कुणाचा असा निरोप असला की यजमान इस्त्रीचा शर्ट घालून जातात आणि घरी आल्यावर कोणकोण आलं होतं ते सांगत बसतात. स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाहीत. पण त्यांना तो दिवस हवा आहे, लय हवा आहे, हे मला कळतं.

आणि मला वाइन कशी बनते ते बघायचं होतं.

हसू नका. मी पूर्णेजवळच्या चुडाव्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी किण्वनाचा धडा येतो. यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल सोडतं, असं फळ्यावर लिहिते. बाटलीत साखरेचं पाणी आणि यीस्ट घालून तोंडाला फुगा लावते. फुगा फुगला की पोरं खूश. त्या दिवशी घरी येण्याआधी मी हात कोपरापर्यंत धुते. मागे एका पोरीने विचारलं, "मॅडम, द्राक्ष तर गोड असतंय, मग वाइन गोड का नसती?" मी म्हणाले, यीस्टने साखर खाल्ली म्हणून. "मग उरलं काय?" असं तिने विचारलं. पुस्तकात ते नव्हतं. ज्याने कधी विहिरीत पाय घातला नाही त्या मास्तराने पोहणं शिकवावं, तशी माझी गत. तेव्हापासून ते काय उरतं, हे डोक्यातून जाईना.

आमची लेक पुण्याला नोकरी करते. ती मैत्रिणींबरोबर वाइन बनवणाऱ्या एका द्राक्षमळ्यात जाऊन आली होती. दिवाळीआधी तिचा फोन आला. "आई, सुटीत तुम्ही दोघं जाऊन या. मळा दाखवतात, टाक्या दाखवतात, चाखायलाही देतात." फोन स्पीकरवर होता आणि यजमान समोर भाकरी कुस्करत बसले होते. मला वाटलं, आता ताट सारून उठतील. ते म्हणाले, "जाऊ की. बघायला काय जातंय. पर कुठं जायचं ते मी ठरवणार."

मी हरखून गेले. हे 'कुठं' प्रकरण मला किती छळणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

मी फोनवर नकाशा काढला. यजमानांना नकाशा लागत नाही, त्यांच्या डोक्यात रूळ आहेत. मी म्हणाले, "नाशिक. रात्री बसलं की सकाळी नाशिक. वाइन म्हटलं की सगळं जग तिथेच जातं."

"म्हणूनच नको. मनमाडपस्तोर आमच्या लोकांचं येणंजाणं हाय. तिथला च्यावालासुदीक वळखतो मला. उद्या कुणी पूर्णेत येऊन म्हणलं, ड्रायव्हरसाहेब दारूच्या कारखान्यात दिसले, तर?"

"कारखाना नाही हो, वायनरी."

"ते तू वर्गात सांग. आन दुसरं, नाशिकहून रात्री बसलं की सकाळी पूर्णा. तेवढ्यात काय वास जातोय?"

"तुम्ही पिणार आहात का?"

"मी कशाला पितो? तू पिणार. पर ऱ्हातो तर एकाच घरात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग मास्तरीण जागी झाली. यकृत काय करतं, घोटभर अल्कोहोल शरीरातून किती लवकर जातं, दुसऱ्याच्या तोंडचा वास आपल्या फुप्फुसात मुक्कामाला येत नाही, असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझं यकृत पुस्तकातलं हाय. माझं मशीन खरं हाय."

नाशिक गेलं. मी सांगलीकडचा पट्टा काढला, कृष्णाकाठचा. कोल्हापूरकडे जाणारी गाडी आपल्याकडूनच जाते, तेव्हा रुळांची अडचण नव्हती. यजमानांनी एका वाक्यात तोही निकालात काढला. दिवाळी झाली की आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या त्याच भागात उतरलेल्या असतात. जिंतूर, गंगाखेड, पालम, कुठल्या ना कुठल्या गावचे लोक भेटणारच. त्यांचा एक मावसभाऊ तिकडेच मुकादम आहे. "आपण तिथं काचेचे गिलास घेऊन बसलोत, आन बांधावरून उसाचा ट्रॅक्टर जायलाय, वरून कुणी राम राम दाजी म्हणलं, म्हंजी?"

मला हसू आलं, पण ते चित्र काही डोळ्यांपुढून हलेना. आपली माणसं थंडीत कोयते घेऊन फडात, आणि आपण पलीकडे घोट घेत वाइनचा रंग बघतोय. यजमानांची भीती त्यांच्या नोकरीपुरती होती, माझी त्याहून वेगळी होती. मलाच तिथे जावंसं वाटेना. सांगलीचं नाव मग मीच काढलं नाही.

पुण्याच्या वरच्या नारायणगावलाही वायनरी आहे म्हणे, पण तिथे रूळ नाही. जिथे रूळ नाही तिथे हा माणूस जात नाही. बसमध्ये बसले की समोरच्या दांडीला धरून सगळा वेळ पायाने ब्रेक दाबत असतात आणि उतरल्यावर गुडघे दुखतात म्हणतात.

मग एका संध्याकाळी तेच म्हणाले, "बंगळूरच्या वर नंदीचे डोंगर हायत. तिथं बी असतंय म्हणं." मी चकित. ह्यांना कुठून कळलं? त्यांनी चौकशी केली होती, तीही बंगळूरची गाडी नेणाऱ्या दोस्ताकडे, आणि 'देवळं बघायची हायत' असं सांगून. त्यांचा हिशेब सरळ होता. परका मुलूख, परकी भाषा, आपलं कुणी नाही. येताना गाडीत एक रात्र आणि वर निम्मा दिवस. "तेवढ्यात समदं साफ हुतंय."

लोक म्हणे माती बघून, उतार बघून, द्राक्षाची जात बघून मळा निवडतात. आम्ही पूर्णेपासून किती लांब ते बघून निवडला. सगळ्यात लांबचा तो सगळ्यात चांगला. मला राग आला होता. दोन दिवस मी भाजीत मीठ टाकताना हात आखडला. मग सहज नंदी डोंगराबद्दल वाचायला घेतलं, तिथली उंची, तांबडी माती, थंड रात्री, आणि वाचता वाचता राग कधी गेला ते कळलंच नाही. आमच्या काळ्या मातीत जन्म गेलेल्या बाईला तांबड्या मातीचं फार अप्रूप. हाती रेल्वेचा पास होताच. दिवाळीच्या सुटीच्या शेवटी निघालो.

प्रवाशांच्या डब्यात ड्रायव्हर म्हणजे एक शिक्षाच. ह्यांना झोप नाही. गाडी थांबली की "स्टेशनाबाहेर होम सिग्नलला उभी केली," चालली की "हा पोरगा ब्रेक चांगला लावतो." मी खिडकीतून माती बघत होते. काळी, करडी, मग दगडच दगड, आणि सकाळी कधीतरी तांबडी.

मळ्यावर पोचलो तर द्राक्षाचा एक घड नाही. मी अख्ख्या वाटेत लगडलेले मांडव डोळ्यांपुढे आणले होते. इथे तारांवर चढवलेल्या वेली, कोवळी पानं, आणि त्यांच्यात मोहरीएवढे हिरवे मणी. छाटणी होऊन थोडेच दिवस झाले होते, घड उन्हाळ्याच्या तोंडावर येणार. विज्ञानाची बाई, आणि हंगाम विचारायचं विसरले. यजमान म्हणाले, "आपण बिफोर टाइम आलोत." तेवढं म्हणून स्वतःच हसले.

आत टाक्या होत्या. स्टीलच्या, उंच, अंगावर गारवा सोडणाऱ्या. त्या दालनात शिरताच जो वास आला तो मी ओळखला. माझ्या बाटलीतल्या फुग्याखालचा वास, पण मोठा आणि मुरलेला. मला तिथून हलावंसं वाटेना. माहिती सांगणारी मुलगी पंचविशीतली, निळा कोट घातलेली. आठदहा पाहुण्यांना ती इंग्रजीत आणि हिंदीत समजावत होती. मी माझ्या हिंदीत प्रश्नांवर प्रश्न विचारायला लागले. यीस्ट सालीवरचं की वेगळं टाकता? मरतं कधी? मेल्यावर कुठे जातं? तिने दोनतीन उत्तरं दिली, मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हळूच म्हणाली, "काकू, तुमी परभणीकडच्या का?"

यजमानांचा चेहरा खर्रकन उतरला. ते वळून टाकीवरच्या मीटरचा काटा बघायला लागले, जणू ती गाडी त्यांनाच न्यायची होती.

मुलगी चारठाण्याजवळच्या एका गावची. परभणीला फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. एवढ्या लांब येऊन आम्ही आमच्याच जिल्ह्याच्या पदरात पडलो होतो. बाकीचे पाहुणे पुढे गेले तशी ती आमच्याजवळ थांबली. गावाकडचं बोलायला मिळालं म्हणून तिचा चेहरा खुलला होता. यजमानांनी काट्यावरची नजर न काढता विचारलं, "तू इथं काम करतीस ते घरी ठाव हाय का?"

तिने पुढे गेलेल्या पाहुण्यांकडे एकदा बघून घेतलं. "ज्यूसची कंपनी म्हणून सांगितलंय, काका. आजोबा माळकरी हायत. आन लग्नाचं बघायलेत माझ्या. कळलं तर मला परत बोलावून घेतील. मला हे काम लय आवडतं."

यजमान पहिल्यांदा तिच्याकडे वळले. स्वतःहून त्यांनी तिला यंत्राचं सांगितलं, शेवटच्या गाडीचं सांगितलं, त्या शेजारच्या ड्रायव्हरचंही सांगितलं. माझ्या देखत एवढं ते कधी कुणाशी बोलले नव्हते. शेवटी म्हणाले, "आमी तुझं गावात सांगत न्हाई. तू आमचं पूर्णेत सांगू नको."

"बरं," ती म्हणाली. "आपण समदे ज्यूस प्यायलाच आलोत."

चाखायच्या टेबलावर तिने आम्हाला कडेची जागा दिली, जिथून वेली दिसत होत्या. प्रत्येकासमोर पेले आणि मध्ये एक भांडं, घोट नको असला तर थुंकायला. थुंकणं मला जमलं नसतं, आईने तसं वळणच लावलं नाही. मी तांबड्या वाइनचा घोट घेतला. आधी आंबट लागलं, मग जांभळाच्या सालीसारखं तुरट, मग जिभेच्या मागे विझलेल्या लाकडासारखं काहीतरी. गोड अजिबात नाही. पण द्राक्ष होतं. साखर होती तोवर जो दिसत नव्हता तो द्राक्षाचा मूळ स्वभाव तेवढा उरला होता. पोरीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणून मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत बसले.

"कसं लागतंय?" यजमानांनी विचारलं. मी जांभूळ सांगितलं, लाकूड सांगितलं. "न्हाई कळलं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी माझा पेला पुढे ओढला.

"तुम्ही नका घेऊ," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

त्यांनी एक घोट घेतला. तोंडात धरला, डोळे मिटले आणि गिळला. "आपलं जांभूळ बरं," म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पर वाईट न्हाई." मग बराच वेळ वेलींकडे बघत बसले. इतका निवांत बसलेला हा माणूस मी लग्नानंतर क्वचितच पाहिला असेल.

परतीच्या गाडीत मात्र निवांतपणा संपला. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर उतरून चूळ भरायची, तळहातावर फुंकर मारून हुंगायचं, मग मला हुंगायला लावायचं. मी हसत होते. शेवटी विचारलं, "मग घेतलात कशाला?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू समद्यांना एवढं विचारत हुतीस. मला बी कधीतरी वाटतं ना, ते असतं तरी काय, ज्याच्यापायी मी एवढी वर्षं फुंकायलोय." मी त्यानंतर हसले नाही.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची ड्युटी होती आणि माझी शाळा उघडत होती. सकाळी त्यांनी आंघोळ केली, भाकरी खाल्ली, बॅग उचलली. दारात बूट घातले आणि निघाले. मी चुडाव्याच्या गाडीत बसले आणि तिथे मला जे झालं त्याला माझ्याकडे विज्ञान नव्हतं. तो घोट मळ्याचं फाटक ओलांडायच्या आतच संपला होता, हे मला पक्कं माहीत होतं. ह्यांना मीच ते समजावलं होतं. तरी मन ऐकेना. यंत्र चुकलं तर? घोटाशिवाय दुसरंच काही निघालं तर? विचारतील, तेव्हा ह्यांना खोटं बोलता येत नाही. झेंडूचे हार, हलगी, ते इस्त्रीचे शर्ट, सगळं माझ्या एका कुतूहलापायी जाईल. मला भीती वाटली, अगदी साधी भीती. आणि मग कळलं की ही भीती हा माणूस दर ड्युटीला, निर्दोष असूनही, एकटा वागवत होता. आणि मी त्याला यकृत शिकवत होते.

फोन करायची सोय नव्हती. ड्युटीवर चढले की त्यांचा फोन बंद. त्या दिवशी त्यांना नांदेडकडची पॅसेंजर होती आणि ती आमच्या शाळेच्या मागून जाते. यंत्राने शून्य दाखवलं असेल तर इंजिनात ते असतील. नसेल तर दुसरं कुणी असेल. एवढीच खबर मला मिळणार होती.

आठवीचा तास चालू होता. आम्लं आणि आम्लारी शिकवत होते आणि तेच वाक्य फळ्यावर दोनदा लिहिलं. लांबून शिटी आली. पोरांना वाचायला सांगून मी व्हरांड्यात गेले. पोरं कसली वाचतात, ती माझ्या मागोमाग कठड्याला आली, गाडी आली की हात करायचा ही त्यांची रोजची सवय.

इंजिन वळणावरून पुढे आलं. खिडकीत ते होते. निळा शर्ट, सरळ पाठ, डोळे पुढच्या सिग्नलवर. सगळ्या पोरांनी हात केले. मीही केला, दोन्ही हात केले, पदर सुटला तरी करत राहिले. त्यांनी बघितलं नाही. गाडी हातात असली की ते कुणाकडे बघत नाहीत. शेवटचा डबा जाईपर्यंत मी तिथेच उभी होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मॅडम, तुमच्या घरचे होते का?" पोरींनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "तेच होते."